पिन वाकली की तुटली? मिश्रधातू, ताप आणि ताकद यांचा वर्कशॉपमधला हिशेब

उसाचा हंगाम सुरू झाला की कुपवाड-मिरजेपासून पलूस-कराडपर्यंतच्या लेथवाल्यांकडे एक काम हमखास येतं: ट्रॉलीच्या हूकची पिन. मागणीही ठरलेली. "मागची टिकली नाही, आता कडक मटेरियल टाका." कडक म्हणजे नेमकं काय, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि लेथवालाही विचारत नाही. मग कुठूनतरी ईएन-२४ या निकेल-क्रोमच्या मिश्र स्टीलचा तुकडा शोधतात, भट्टीत लाल करतात, पाण्यात बुडवतात, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात त्या पिनेचे दोन तुकडे होतात. आधीची निदान वाकली तरी होती!

ताकद आणि चिवटपणा या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकमेकींच्या जिवावर वाढतात. मिश्रण बदला, ताप बदला, एक वाढेल तशी दुसरी थोडी कमी होईल. म्हणून "सगळ्यात कडक कोणतं" हा प्रश्नच चुकीचा आहे. लहान वर्कशॉप चालवणारे, आयटीआयची मुलं, अवजारं स्वतः दुरुस्त करणारे शेतकरी यांच्यासाठी हा हिशेब पायरीपायरीने मांडतो. पिनेचं उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवू.

पहिली पायरी: तुटलेला तुकडा भंगारात टाकू नका

तुकडा डिझेलनं धुवा, फडक्यानं टिपा. वायर ब्रश मारू नका आणि दोन तुकडे एकमेकांवर बसवून घासूही नका, कारण तुटीच्या तोंडावरच सगळी माहिती असते. मग उन्हात तिरकं धरून पाहा.

पिन वाकली आहे पण अखंड आहे, तर ताकद कमी पडली. पिन वाकून, तुटीजवळ बारीक होऊन मग तुटली, आणि तोंड मळकट राखाडी, तंतुमय दिसतंय, तर मटेरियल चिवट होतं, भार जास्त झाला. तोंड सपाट आहे आणि त्यात चमचमणारे दाणे दिसतात, बाजूला वाकल्याची खूणच नाही, तर मटेरियल ठिसूळ होतं. चौथा प्रकार सगळ्यात फसवा. तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत, त्यावर एका कडेपासून पसरत गेलेल्या अर्धगोल रेषा, आणि उरलेला थोडा भाग खडबडीत. हा थकवा, म्हणजे फटीग. लाखो लहान धक्क्यांनी तडा हळूहळू पुढे सरकला आणि शेवटी उरलेल्या भागाला भार पेलला नाही.

फटीग दिसला तर मटेरियल बदलायच्या आधी रेषा कुठून सुरू झाल्या ते शोधा. निम्म्याहून अधिक वेळा तिथं टोकदार कोपरा, स्प्लिट पिनेचं भोक, टूलची खोल खूण किंवा वेल्डिंगचा ठिपका सापडतो. तिथं दोन-तीन मिलिमीटरची त्रिज्या द्या आणि पॉलिश करा. महागडं स्टील टाकून कोपरा तसाच ठेवला तर काही उपयोग नाही.

दुसरी पायरी: तीन आकडे, आणि एक न बदलणारा

स्टीलच्या प्रमाणपत्रावर तीन आकडे बघायचे. यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो. टेन्साइल, म्हणजे तो जास्तीत जास्त सोसतो तो ताण. आणि इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी तो किती टक्के लांबतो. हीच त्याची तन्यता.

साध्या एमएसचं (माइल्ड स्टीलचं), म्हणजे भारतीय मानक आयएस २०६२ च्या ई-२५० ग्रेडचं यील्ड २५० मेगापास्कल, टेन्साइल ४१० आणि इलाँगेशन २३ टक्के. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन, तेव्हा २५० म्हणजे चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलो. ईएन-८ मध्ये कार्बन ०.४० टक्क्यांच्या आसपास असतो. हार्डनिंग-टेम्परिंग (लाल करून झटकन थंड करणं, मग थोडं परत तापवणं) केलेल्या २५ मिलिमीटरच्या गजाचं यील्ड ४०० च्या आसपास धरता येतं. ईएन-२४ चं टी कंडिशनमधलं (हार्डनिंग-टेम्परिंग करून आलेलं) टेन्साइल ८५० ते १०००, यील्ड ६५० च्या पुढे.

आता पिनेचा हिशेब. पिन २५ मिलिमीटरची, दोन कानांमधलं अंतर ६० मिलिमीटर आणि ओढ मधोमध. एमएसची पिन साधारण २.६ टनांना वाकायला लागेल. तीच पिन हार्डनिंग केलेल्या ईएन-८ ची असेल तर ४.२ टनांना. आणि साध्या एमएसचीच, पण ३० मिलिमीटरची केली तर? ४.५ टन! कारण वाकण्याच्या भारात व्यासाचा घन येतो. पाच मिलिमीटर जाडीनं जवळजवळ पाऊणपट ताकद वाढली, तन्यता एक टक्काही गेली नाही, भट्टी पेटवावी लागली नाही. भोक मोठं करायची सोय असेल तर मी आधी हाच उपाय सांगेन. मिश्रधातू आणि उष्णतोपचार हे जागा नसेल तेव्हाचे उपाय.

न बदलणारा आकडा म्हणजे लवचीकतेचा गुणांक. जवळजवळ सगळ्या स्टीलमध्ये तो २०० ते २१० गिगापास्कलच्या दरम्यान असतो. एमएस असो, ईएन-२४ असो, नरम असो वा हार्डन केलेलं. म्हणून तक्रार "शाफ्ट भार आल्यावर झुकतो, भार काढला की सरळ होतो" अशी असेल तर कडक स्टीलनं काहीच फरक पडणार नाही. तिथं जाडी वाढवा किंवा बेअरिंगमधलं अंतर कमी करा. या एका गोष्टीवर आपल्याकडे फार पैसा वाया जातो.

तिसरी पायरी: मिश्रण आत काय करतं ते समजून घ्या

धातूत अणू ओळीत रचलेले असतात. वाकताना अख्खी ओळ दुसऱ्या ओळीवरून एकदम सरकत नाही, रचनेतला एक दोष पुढे पुढे सरकतो. मांडवातलं जड जाजम ओढून हलत नाही, पण एका टोकाला सुरकुती काढून ती पुढे ढकलली की जाजम इंचभर सरकतं, तसंच. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी ही कल्पना वेगवेगळी मांडली. त्या दोषाला डिसलोकेशन म्हणतात. तो सहज सरकला की धातू नरम आणि तन्य. त्याची वाट अडवली की धातू बळकट. मिश्रण, ठोकाई, पाणी देणं (लाल धातू बुडवून झटकन थंड करणं), हे सगळे वाट अडवायचे मार्ग आहेत.

पहिला मार्ग सोन्यात दिसतो. विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पसरली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शुद्ध सोनं दागिन्याला नरम पडतं. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, उरलेलं तांबं-चांदी. पण दोघांचा परिणाम सारखा नाही. चांदीचा अणू सोन्याच्या अणूएवढाच आहे, तो रांगेत बसून जातो. तांब्याचा अणू साधारण दहा टक्क्यांनी लहान, त्यामुळे रांग ओढली जाते आणि डिसलोकेशन अडखळतं. म्हणून तेवढ्याच वजनाचं तांबं चांदीपेक्षा सोन्याला जास्त कडक करतं. खडे बसवायच्या दागिन्याला १८ कॅरेट घेतात त्यामागं हेच. उलट शिशाचा नुसता अंश राहिला तरी सोनं पट्टी काढताना तडकतं, कारण शिसं रांगेत बसत नाही, दाण्यांच्या, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकांच्या, सीमेवर साचतं. किती मिसळलं याच्याइतकंच ते कुठं जाऊन बसलं हे महत्त्वाचं.

स्टीलमध्ये शिशाची जागा गंधक घेतं. गंधक आणि लोखंडाचं संयुग दाण्यांच्या सीमेवर वितळतं आणि लालबुंद स्टील घणाखाली फाटतं. मँगनीज घातलं की ते गंधकाला स्वतःकडे ओढून घेतं. फॉस्फरस थंडीत ठिसूळपणा आणतो. भंगारातून मोटारीच्या वाइंडिंगचं तांबं भट्टीत गेलं तर तापवून ठोकताना पृष्ठभागावर चिरा पडतात. म्हणूनच मूळ न कळणाऱ्या सळईपासून छिन्नी-पहार करू नये, असं माझं मत आहे. एकीतून चांगली निघेल, दुसरीतून नाही.

पितळ मात्र नियमाला अपवाद. तांब्यात ३० टक्क्यांपर्यंत जस्त घातलं की ताकद वाढते आणि तन्यताही वाढते. नरम तांबं साधारण ४५ टक्के लांबतं, ७०-३० चं पितळ ६५ टक्क्यांपर्यंत. खोल भांडी दाबून काढायला ते म्हणून चालतं. जस्त ४० टक्क्यांवर नेलं की दुसरी, कडक अवस्था तयार होते. ते पितळ थंड असताना कमी वाकतं, तापवून मात्र छान घडतं.

आता कार्बन. खोलीच्या तापमानाला लोखंडात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही. ७२७ अंशांनाही फक्त ०.०२ टक्के. उरलेला कार्बाइडच्या (लोखंड-कार्बन संयुगाच्या) कठीण पट्ट्या बनून बसतो. पण ७२७ च्या वर रचना बदलते आणि कार्बन भरपूर विरघळतो, ११४७ अंशांना २ टक्क्यांहून थोडा जास्तच. उष्णतोपचाराचा सगळा खेळ या फरकावर आहे: वर विरघळवायचा, आणि खाली येताना त्याला किती वेळ द्यायचा ते आपण ठरवायचं.

कार्बनचा आकार काय करतो ते बीडात, म्हणजे ओतीव लोखंडात, पाहा. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून ओतकाम चालतं, आणि या भागातल्या अनेक फाउंड्र्यांमध्ये दोन्ही प्रकारचं बीड ओतलं जातं. साध्या बीडात ग्रॅफाइट पातळ पाकळ्यांच्या रूपात असतं, प्रत्येक पाकळी म्हणजे आतला तयार तडा, त्यामुळे इलाँगेशन एक टक्कासुद्धा नाही. त्याच रसात थोडं मॅग्नेशियम घातलं की ग्रॅफाइटचे गोळे होतात, या बीडाला एसजी म्हणतात. एसजी ४००/१५ या ग्रेडच्या नावातच हिशेब आहे: टेन्साइल ४००, इलाँगेशन १५ टक्के. एसजी ६००/३ घ्या, ताकद दीडपट, तन्यता पाचव्या हिश्शावर. पंपाच्या केसिंगला साधं बीड चालतं, कारण त्यावर दाब आहे, धक्का नाही. ट्रॅक्टरच्या हबला एसजी घ्या.

मग क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम कशाला? ईएन-८ आणि ईएन-२४, दोन्हीत कार्बन ०.४० च्या आसपास. पाणी दिल्यावर पृष्ठभागावर मिळणारा जास्तीत जास्त कडकपणा दोन्हीत जवळजवळ सारखाच, कारण तो कार्बनवर ठरतो. निकेल-क्रोम-मॉलीचं खरं काम खोलीचं. हे अणू कार्बनची हालचाल मंदावतात, त्यामुळे जाड गजाचा गाभा सावकाश थंड झाला तरी तोही हार्डन होतो. ७५ मिलिमीटरचा ईएन-८ चा गज वरच्या थरात कडक होईल, आत नरमच राहील. तेवढाच ईएन-२४ चा गज तेलात बुडवूनही गाभ्यापर्यंत पोचतो. म्हणजे २५ च्या पिनेला ईएन-२४ वापरणं बहुतेक वेळा पैशाचा अपव्यय, आणि जाड शाफ्टला ईएन-८ वापरून "हार्डन केलंय" म्हणणं ही फसवणूक.

स्टीलमध्ये ताकद आणि चिवटपणा दोन्ही वाढवणारा एकच ठोस मार्ग आहे: दाणा बारीक करणं. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये दाण्याचा आकार आणि ताकद यांचं नातं मांडलं. दाणा बारीक तितक्या सीमा जास्त, डिसलोकेशनही अडतं आणि तडाही अडतो. याच कारणानं पुढच्या पायरीत तापमान जपायचं आहे.

चौथी पायरी: हातात काय आहे ते ओळखा

प्रमाणपत्र असेल तर उत्तम. नसेल तर चुंबक, कानस आणि ग्राइंडर. चुंबक न चिकटणारं स्टेनलेस ३०४ च्या जातीचं असतं, ते पाणी देऊन कडक होत नाही. ग्राइंडरवर एमएसच्या ठिणग्या लांब, फिकट आणि कमी फाटे फुटलेल्या. कार्बन वाढेल तसे फाटे वाढतात आणि ठिणग्या झुपकेदार होतात. बिडाच्या आखूड, लालसर. शेजारी ओळखीच्या स्टीलचा तुकडा घासून तुलना करा, नुसत्या आठवणीवर जाऊ नका. ट्रकच्या कमानीचा पाटा बहुधा सिलिकॉन-मँगनीज स्टीलचा, ईएन-४५ च्या जातीचा असतो. कोयत्याला तो छान.

पाचवी पायरी: तापवताना घाई नको, लोभही नको

ईएन-८ साठी ८३० ते ८६० अंश. भट्टीत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असेल तर २५ मिलिमीटर जाडीला साधारण तासभर ठेवा. कोळशाच्या भट्टीत चुंबक वापरा. ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून आणखी थोडं, रंग गडद लालाकडून उजळ लालाकडे झुकेपर्यंत. रंग सावलीत पाहा. दुपारच्या उन्हात ९५० अंशांचा तुकडासुद्धा फिकट लाल वाटतो.

"जरा जास्त तापवलं तर जास्त कडक होईल" हा लोभ महागात पडतो. तापमान वर गेलं की दाणे मोठे होतात, आणि पाणी दिल्यावर तेच दाणे तुटीच्या तोंडावर चमकतात. शिवाय पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो, वरचा थर नरम पडतो.

ठोकून घडवलेला तुकडा थेट पाण्यात टाकू नका. आधी नॉर्मलायझिंग करा: एकदा तापवून हवेत सुटा थंड होऊ द्या. यानं ठोकताना वाढलेला दाणा पुन्हा बारीक होतो. मशीनिंगसाठी नरम हवं असेल तर अॅनिलिंग, म्हणजे राखेत किंवा भट्टीतच सावकाश थंड करणं.

तांब्याचं गणित इथं उलटं. तांबट पातेलं ठोकत जातो तसं ते ताठ होत जातं, कारण ठोकाईनं डिसलोकेशनची गर्दी होऊन ती एकमेकांत अडकतात. मग तो ते लाल करून नरम करतो. त्यानंतर पाण्यात बुडवलं तरी तांबं नरमच राहतं, कारण त्यात थंड होताना बदलणारी रचनाच नाही. तानपुऱ्याची पोलादी तार मात्र तापवू नये. तिची ताकद थंड अवस्थेत ओढून-ओढून आलेली असते, एकदा लाल झाली की ती गेली. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

सहावी पायरी: पाणी देणं

वेगानं थंड केलं की कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो आत कोंडून राहतो आणि मार्टेन्साइट नावाची ताणलेली रचना बनते. ०.४० टक्के कार्बनच्या स्टीलमध्ये ही सुरुवात ३५० अंशांच्या आसपास होते, आणि त्या वेळी धातू फुगतो. वरचा थर आधी फुगून ताठ झालेला, गाभा नंतर फुगतो, या ओढाताणीत तडा जातो. की-वे (चावीची खाच), टोकदार कोपरा, जाड-बारीक भागाचा सांधा, तडे इथंच जातात.

म्हणून जमेल तिथं तेल. ४० ते ६० अंशांचं कोमट तेल थंड तेलापेक्षा पातळ असतं आणि नीट खेळतं. ईएन-२४, ईएन-१९, ईएन-४५ यांना पाण्यात घालू नका. लांब पिन उभी बुडवा आणि हलवत राहा, नाहीतर वाफेचं आवरण चिकटून एक बाजू नरम राहते. तेलाचं भांडं लोखंडी, झाकणाचं हवं, आणि तुकडा अर्धवट बाहेर ठेवायचा नाही. आग तिथंच लागते.

सातवी पायरी: टेम्परिंग, जी सगळे वगळतात

बुडवलेला तुकडा कानसीला दाद देत नाही, आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण या अवस्थेत पिन वापरायची नसते. तुकडा हाताला सोसवेल इतका थंड झाला की लगेच टेम्परिंगला घ्या. रात्रभर ठेवलेला तुकडा सकाळी तडकलेला सापडू शकतो.

तापमान वाढवाल तसा कार्बन थोडा थोडा बाहेर पडतो, कडकपणा उतरतो आणि चिवटपणा येतो. किती उतरवायचं हे कामावर ठरवा. धार टिकवायची असेल तर २०० ते २५०. धक्के खाणारी पिन, एक्सल, शाफ्ट यांना ५५० ते ६५०. मधल्या २५० ते ४०० च्या पट्ट्यात ईएन-२४ सारखी स्टील टेम्पर करू नका. तिथं कडकपणा तर उतरतो, पण चिवटपणा वाढायच्या ऐवजी घटतो. आणि निकेल-क्रोम स्टील ६०० ला टेम्पर केल्यावर ५०० च्या आसपास रेंगाळत थंड केलं तरी ठिसूळपणा येऊ शकतो. ईएन-२४ मध्ये मॉलिब्डेनम घालतात ते काही अंशी या दुखण्यावरचं औषध म्हणूनही.

भट्टी नसलेला लोहार हे रंगावर करतो, आणि ते पाहण्यासारखं असतं. कमानीच्या पाट्याचा कोयता तेलात बुडवून काढला की तो एक बाजू विटेच्या तुकड्यानं घासून चकचकीत करतो. मग पाठीची कड निखाऱ्यावर धरतो, धार हवेत. थोड्या वेळानं पाठीकडून रंग सरकायला लागतात: आधी फिका गवती, मग गडद गवती, तपकिरी, जांभळा, निळा. पट्टे एकामागे एक धारेकडे चालत येतात. धारेवर गवती-तपकिरी पोचला, म्हणजे साधारण २३० ते २५५ अंश, आणि पाठीवर निळा, म्हणजे ३०० च्या आसपास, की कोयता लगेच बुडवतो. एकाच पात्यात धार कडक आणि पाठ चिवट. उसाच्या बुडख्याशी दगड लागला तर धारेचा तुकडा उडू नये म्हणून काही जण धारेवरही जांभळा येऊ देतात. धार लवकर बोथट होते, पण कोयता मोडत नाही. ऊसतोडीला मला दुसरी पद्धत जास्त पटते. कानस टोळीत कुणाकडेही असते, दुसरा कोयता नसतो.

हे रंग साध्या कार्बन स्टीलचे. स्टेनलेसवर ते बरेच वरच्या तापमानाला येतात, तिथं त्यांच्यावर विसंबू नका.

अॅल्युमिनियमला यातलं काही लागू नाही. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना तांबं-मॅग्नेशियम असलेलं अॅल्युमिनियम बुडवल्यावर नरमच, पण दिवसांनी आपोआप कडक झालेलं आढळलं. ६०६१ हे मिश्रण आजही असंच करतात: ५३० अंशांवरून पाण्यात, मग १६० ते १७५ अंशांना काही तास. टेन्साइल १२५ वरून ३१० वर जातं. अतिसूक्ष्म कण बाहेर पडून वाट अडवतात. जास्त वेळ ठेवलं तर कण मोठे होतात आणि ताकद परत उतरते.

आठवी पायरी: सुटा भाग कुठल्या तापमानात जगणार?

वर्कशॉपमध्ये मोजलेले आकडे खोलीच्या तापमानाचे. साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांत वाफ ४८५, ५१५, अगदी ५४० अंशांची असते. त्या तापमानाला साधं कार्बन स्टील जवळजवळ निम्म्या ताकदीवर येतं आणि यील्डपेक्षा कमी ताणालाही वर्षानुवर्षं लांबत राहतं. याला क्रीप म्हणतात. साधारणपणे वितळणबिंदूच्या, केल्विनमध्ये मोजलेल्या, ०.४ पटीच्या वर क्रीपची काळजी घ्यायची. लोखंडासाठी ते ४५० अंशांच्या आसपास येतं. म्हणून सुपरहीटरच्या नळ्या क्रोम-मॉलीच्या, सव्वा टक्का क्रोमियमची टी-११ किंवा सव्वादोन टक्क्यांची टी-२२. दिसायला सारखीच म्हणून तिथं साध्या नळीचा तुकडा वेल्ड करणं म्हणजे जिवाशी खेळ. वर सांगितल्याप्रमाणे कडक केलेलं, म्हणजे टी-६, अॅल्युमिनियम तर २०० अंशांतच ढासळायला लागतं.

२०० ते ३५० च्या दरम्यान साधं स्टील उलट ताठ आणि कमी तन्य होतं. निळसर तापलेली पट्टी ठोकून सरळ करू नका. एकतर गार असताना करा, नाहीतर लाल असताना. बांधकामाची टीएमटी सळईही तापवून वाकवू नका. कारखान्यात तिचा बाहेरचा थर पाण्यानं कडक केलेला आणि गाभ्याच्या उष्णतेनं टेम्पर झालेला असतो, गॅस कटरची ज्योत ते सगळं पुसून टाकते. थंड वाकवायची अडचण येत असेल तर एफई ५०० ऐवजी ५००-डी मागा, ताकद तीच, पण किमान इलाँगेशन १२ ऐवजी १६ टक्के.

थंडीचा विषय आपल्याकडे कमी, पण आहे. साध्या स्टीलचा चिवटपणा एका विशिष्ट पट्ट्याखाली झपाट्यानं कोसळतो. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत स्कनेक्टडी हे टँकर जहाज धक्क्याला शांत उभं असताना दुभंगलं, ते वेल्डिंगचे दोष आणि अशाच ठिसूळ स्टीलमुळे. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये खोली शून्याच्या वरच असते, पण वातावरणाच्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. तिथली नळी बदलताना कमी तापमानाला इंपॅक्ट टेस्ट (धक्का देऊन चिवटपणाची चाचणी) झालेलं स्टील मागा. तांबं-पितळ अजिबात नको, अमोनिया त्यांना खातो. अॅल्युमिनियम, तांबं आणि ३०४ स्टेनलेस यांची रचना वेगळी असल्यानं ती थंडीत ठिसूळ होत नाहीत. गावात कृत्रिम रेतनाला येणाऱ्याच्या मोटारसायकलवरचं, उणे १९६ अंशांचं द्रव नायट्रोजन भरलेलं भांडं अॅल्युमिनियमचं असतं, ते याच जोरावर.

नववी पायरी: तपासा, मगच द्या

नवी कानस टेम्पर केलेल्या पिनेवर हलकेच चालली पाहिजे. घसरली तर टेम्परिंग कमी झालं. ब्रिनेल, म्हणजे कडकपणाचा आकडा, मोजता आलं तर त्याला ३.४५ नं गुणा, स्टीलचं टेन्साइल साधारण मेगापास्कलमध्ये मिळतं. २५५ आलं तर सुमारे ८८०. मोठ्या ऑर्डरला त्याच गजाचा तुकडा त्याच खेपेत भट्टीत घाला आणि टेस्टिंग लॅबला तो पाठवा. दुसऱ्या गजाचा "साधारण तसाच" तुकडा पाठवण्यात अर्थ नाही. रिपोर्टमध्ये टेन्साइलच्या आधी इलाँगेशन वाचा. ईएन-८ च्या पिनेला ते १६ टक्क्यांच्या आसपास हवं.

तयार पिनेला कडी किंवा टोपी वेल्ड करायची असेल तर ते हार्डनिंगच्या आधी करा. ०.४० टक्के कार्बनच्या स्टीलवर थंडपणे मारलेला टाका म्हणजे न ठरवता केलेलं हार्डनिंगच. लाल झालेल्या ठिपक्याची उष्णता शेजारचं गार स्टील क्षणात ओढून घेतं आणि टाक्याच्या कडेला टेम्पर न झालेली रिंग राहते. पिन नेमकी तिथून जाते. टाका मारणं टाळता येत नसेल तर आधी २०० अंशांच्या आसपास तापवा, ७०१८ ची कोरडी वेल्डिंगची काडी वापरा आणि काम झाल्यावर राखेत झाकून ठेवा. त्याहून सोपं म्हणजे कडी वेल्ड न करता पिनेला डोकं ठेवूनच ती गजातून फिरवून काढायची.